एका वसईकर आजीचे चरित्र : दप्तर, साक्ष आणि स्मृती

१. वसई प्रांताच्या इतिहासाला साधनांचा तुटवडा नाही. सोपाऱ्याचा स्तूप पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ मध्ये उकरला. त्याच साली अशोकाच्या आठव्या शिलाशासनाचा तुकडा तेथे मिळाला, आणि १९५६ मध्ये भुईगाव येथे नवव्या शासनाचा तुकडा हाती आला. १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगीजांकडे गेली व १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांच्या फौजेने ती जिंकून घेतली. या घडामोडींवर, विशेषतः अखेरच्या मोहिमेवर, मराठी व पोर्तुगीज कागद पुष्कळ छापले गेले आहेत. परंतु स्तूप आणि कोट यांच्या दरम्यान केळीच्या व पानवेलीच्या ज्या वाड्या पसरल्या होत्या, त्यांत राबणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबांच्या घरातील वृत्तांत आपल्या रुमालांत जवळजवळ नाही. त्यातही स्त्रियांचा तर मुळीच नाही. ही उणीव अल्पांशाने का होईना भरून काढावी, या हेतूने आम्ही आमच्या आजीचे चरित्र वाचकांपुढे ठेवीत आहो.

स्वकुळातील व्यक्तीचे चरित्र लिहिणाऱ्यावर पक्षपाताचा आरोप येतो, हे आम्ही जाणतो. तो टाळण्यासाठी प्रत्येक विधानास कोणता पुरावा आहे व तो कोणत्या दर्जाचा आहे, हे सांगतच पुढे जाण्याचे आम्ही ठरविले आहे. या शोधात चूक कोणाची निघाली, हे वाचकांस यथाक्रम दिसेलच. ती आजीची निघाली नाही, एवढे येथे पुरे. कुटुंबातील वडीलधाऱ्यांच्या इच्छेस मान देऊन गावाचे व व्यक्तींचे नाव आम्ही गाळले आहे. गाव निर्मळच्या पंचक्रोशीतील आहे, आणि कुटुंब सामवेदी ख्रिस्ती, कॅथलिक पंथाचे आहे, एवढे सांगितले म्हणजे प्रस्तुत विषयापुरते भागते.

२. आजी १९७६ मध्ये वारली. त्या वेळी आम्ही सतरा वर्षांचे होतो. म्हणून तिच्या उत्तर आयुष्याची पुढील हकीकत प्रत्यक्ष पाहिलेली आहे असे समजावे. तिला अक्षरओळख नव्हती. अंगावर लाल चौकड्यांचे लुगडे, पहाटे रहाटाचा आवाज सुरू होण्यापूर्वी उठणे, पानवेलींना पाणी दाखविणे, हंगामात केळी सोलून सुकेळीसाठी उन्हात मांडणे, हा तिचा दिनक्रम. तरुणपणी भाजीची व फुलांची टोपली घेऊन ती आगगाडीने मुंबईस जात असे. घरात सामवेदी बोली, जिला कादोडी असेही म्हणतात, तीच बोलली जाई. इतर वसईकरांप्रमाणे ती चर्चला 'देऊळ' म्हणे. मिस्साविधीतील लॅटिन वचने तिला कानाने पाठ होती. अर्थ एकाही शब्दाचा ठाऊक नव्हता. १९६२ ते १९६५ या काळात भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर हा विधी मराठीतून होऊ लागला, तेव्हा आम्ही तिला विचारले की, आजी, तुला कसे वाटते? ती म्हणाली, "इतकी वर्षे देवाला समजत होते, आता मलाही समजेल, इतकेच."

तिच्या वागण्यात आम्हा नातवंडांस तीन गोष्टींचा उलगडा होत नसे. पहिली अशी की, स्वयंपाकघरातील एका खुंटीवर झाकण घातलेला तांब्याचा एक लहान गडू टांगलेला असे. तो रोज घासला जाई, रोज भरला जाई, पण त्यातील पाणी पिण्यास कोणासही परवानगी नव्हती. दुसरी अशी की, गावातील काही वृद्ध माणसे तिला 'पाणीवाली' म्हणत. हे नाव वाडीच्या शिंपण्यावरून पडले असावे, असे आम्ही समजत होतो. तिसरी गोष्ट नोव्हेंबरच्या २ तारखेची, म्हणजे सर्व मृतांच्या स्मरणदिनाची. त्या दिवशी आमच्याकडे थडगी झाडून, फुलांनी सजवून त्यांवर मेणबत्त्या लावण्याची चाल आहे. आजी प्रथम सासूसासरे व पती यांच्या थडग्यांवर मेणबत्त्या लावी. नंतर दफनभूमीच्या कोपऱ्यात, जेथे कोणतेही थडगे दिसत नव्हते अशा ठिकाणी, दोन लहान मेणबत्त्या लावी. अखेरीस ती फाटकाबाहेर पडे व कुंपणभिंतीच्या पलीकडे असलेल्या एका भेंडीच्या झाडाखाली तिसरी लहान मेणबत्ती लावी.

१९७३ साली आम्ही चौदा वर्षांचे होतो. धर्मशिक्षणाच्या वर्गात बक्षीस मिळाल्यामुळे थोडे ज्ञान अंगात चढले होते. आशीर्वादित भूमीच्या बाहेर मेणबत्ती लावणे हे अज्ञान आहे, असे म्हणून आम्ही ती तिसरी मेणबत्ती फुंकून विझविली. आजी काही बोलली नाही. तिने काडी ओढली, मेणबत्ती पुन्हा पेटविली, आणि ती पुरी जळून जाईतो त्या झाडाखाली बसून राहिली. ही हकीकत येथे लिहिण्याचे कारण पुढे कळेल.

३. आता जन्मतिथीचा प्रश्न घेऊ. आजी सांगत असे की, मुंबईत प्लेग आला तेव्हा ती तीन महिन्यांची होती. हे तिला तिच्या आईने सांगितले होते. मुंबईतील प्लेग १८९६ च्या सप्टेंबरात उघडकीस आला, हे प्रसिद्ध आहे. त्यावरून तिच्या थडग्याच्या शिळेवर जन्मसाल १८९६ असे कोरविण्यात आले.

पुढे दहा वर्षांनी, संशोधनाची आवड लागल्यावर, आम्ही धर्मग्रामाच्या जुन्या नोंदवह्या पाहण्याची परवानगी मिळविली. या वह्यांविषयी येथे थोडे सांगितले पाहिजे. कारण हस्तलिखितांच्या संग्राहकांचे लक्ष त्यांकडे जावे तितके गेलेले नाही. ट्रेंटच्या परिषदेने १५६३ मध्ये विवाहांची नोंद ठेवण्याची व बाप्तिस्म्याच्या नोंदीत धर्मपित्याचे आणि धर्ममातेचे नाव घालण्याची आज्ञा केली. पुढे १६१४ च्या रोमन विधिग्रंथात पाच वह्या सांगितल्या आहेत : बाप्तिस्मा, दृढीकरण, विवाह, धर्मग्रामातील कुटुंबांची स्थिती, आणि मृत्यू. आमच्याकडील जुन्या नोंदी पोर्तुगीज भाषेत आहेत. १७३९ नंतर पोर्तुगीज अंमल गेला, तरी येथील कारभार बराच काळ गोव्याकडील धर्मगुरूंच्या हाती राहिला. १८८६ मध्ये दमणचा धर्मप्रांत स्थापन झाला व हा मुलूख त्यात आला. १९२८ मध्ये तो धर्मप्रांत मोडून हा भाग मुंबईच्या महाधर्मप्रांतास जोडण्यात आला. आमच्या गावच्या वहीत त्यानंतर भाषा बदलते व लॅटिन नोंदी सुरू होतात. एका गोवेकर वृद्ध धर्मगुरूंकडे बसून आम्ही नोंदींपुरते पोर्तुगीज शिकलो. लॅटिन विभक्त्या मात्र संस्कृतच्या अभ्यासामुळे फारशा जड गेल्या नाहीत.

१९८६ मध्ये आम्हांस आजीची नोंद सापडली. नाव मारिया, पित्याचे, मातेचे, चारही आजीआजोबांचे नाव आणि वाडीचे नाव तंतोतंत जुळत होते. बाप्तिस्म्याचे साल मात्र १८९४ होते. आम्हांस मोठा आनंद झाला. अस्सल, समकालीन, स्वाक्षरीचा कागद एका बाजूस, आणि निरक्षर वृद्धेची ऐकीव गोष्ट दुसऱ्या बाजूस; निर्णय काय द्यावयाचा यात शंका ती कसली? आम्ही पाथरवटास बोलावून शिळेवरील ६ च्या जागी ४ करविला. एवढेच नव्हे, तर शिक्षकांच्या एका संमेलनात मौखिक परंपरा किती अविश्वसनीय असते याचे उदाहरण म्हणून आम्ही आमच्या आजीचाच दाखला दिला. श्रोते हसले, आणि आम्हीही हसलो.

तीन वर्षांनी, दुसऱ्याच कारणासाठी मृत्यूची वही चाळीत असता, १८९५ च्या ऑगस्टातील एक नोंद दृष्टीस पडली : त्याच आईबापांची मुलगी मारिया, वय एक वर्ष तीन महिने, हिचे दफन. आम्ही घाईघाईने बाप्तिस्म्याची वही पुन्हा उघडली. १८९६ च्या जुलै महिन्यात त्याच आईबापांची आणखी एक मारिया नोंदलेली होती. गेलेल्या अपत्याचे नाव पुढील अपत्यास ठेवण्याची चाल त्या काळी सर्वत्र होती व आम्हांसही ती माहीत होती. परंतु पहिली नोंद सापडताच आम्ही वही मिटली होती. जुलैत जन्मलेले मूल सप्टेंबरच्या अखेरीस तीन महिन्यांचे होते. आजीने सांगितलेली गोष्ट अक्षरशः खरी होती. कागदही खरा होता. खोटे ठरले ते आमचे वाचन. पाथरवटास पुन्हा बोलवावे लागले. त्या शिळेवरील ६ चा आकडा इतर आकड्यांपेक्षा खोल दिसतो, त्याचे कारण हे होय. संमेलनात केलेले विधान मागे घेण्यास मात्र तेच श्रोते पुन्हा मिळाले नाहीत. ते येथे मागे घेत आहो.

४. मृत्यूची वही आम्ही ज्या कारणासाठी उघडली होती ते कारण म्हणजे १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ. ही साथ मुंबईत प्रथम जूनमध्ये दिसली. सप्टेंबर व ऑक्टोबर या महिन्यांत तिची दुसरी आणि भयंकर लाट आली. हिंदुस्थानातील एकंदर मृत्यूंचे अंदाज सव्वा कोटीपासून दोन कोटींपर्यंत गेलेले आहेत. या साथीत तरुण माणसे अधिक मेली, व गर्भवती स्त्रियांवर तिचा घाला विशेष पडला, ही गोष्टही वैद्यकीय ग्रंथांतून सिद्ध आहे.

आमच्या गावच्या वहीत या महिन्याची साक्ष हस्ताक्षरातच दिसते. एरवी प्रत्येक नोंद आठ-दहा ओळींची, सावकाश वळणाची असते. ऑक्टोबर १९१८ मध्ये ती दोन ओळींवर येते. शाई विरळ होते. आजीआजोबांची नावे गळतात. काही ठिकाणी दिवसाचा आकडा लिहून वर पुन्हा तोच आकडा गिरविलेला आहे. लिहिणारा धर्मगुरू दफनभूमीतून येऊन टेबलाशी बसत होता व पुन्हा उठून जात होता, हे त्या पानांवरून कोणासही समजेल.

त्या पानांत नऊ दिवसांच्या अंतराने आमच्या आजोबांच्या दोन मुलांची नोंद आहे : मुलगा, वय चार वर्षे, मुलगी, वय दोन वर्षे. दोन्ही ठिकाणी 'बालक' अशा अर्थाचा पोर्तुगीज शब्द आहे. आजीचा विवाह १९१३ च्या जानेवारीत झाला होता. अर्थात ही तिची पहिली दोन अपत्ये. आमच्या वडिलांचा जन्म १९२५ चा. त्यांना किंवा त्यांच्या भावंडांना या दोघांची नावे ठाऊक नव्हती. आजीने ती कधी उच्चारली नव्हती. कोपऱ्यातील दोन लहान मेणबत्त्यांचा उलगडा येणेप्रमाणे झाला.

तिसरीचा झाला नाही. आम्ही १९१८ पासून १९२५ पर्यंतची सर्व पाने ओळीने वाचली. त्या कुटुंबातील तिसऱ्या बालकाची नोंद कोठेही नव्हती.

५. अनुल्लेख हा पुरावा होत नाही, हे संशोधनाचे प्राथमिक तत्त्व आहे. म्हणून आम्ही साक्षीकडे वळलो. आजीची धाकटी नणंद, जिला आम्ही आत्याबाई म्हणत असू, ती १९८९ मध्ये हयात होती. वय पंच्याऐंशी, दृष्टी मंद, परंतु स्मरण शाबूत. १९१८ मध्ये ती चौदा वर्षांची असून त्याच घरात राहत होती. म्हणजे साक्षीदार प्रत्यक्षदर्शी होय. तिने सामवेदीत सांगितलेली हकीकत आम्ही त्याच रात्री लिहून काढली. तिचा आशय असा :

"घरात सगळे तापाने पडले होते. उभी होते ती मी एकटी. धाकटी गेली त्याच्या तिसऱ्या दिवशी वहिनीला अवेळी कळा आल्या. सुईण आली नाही, तीही तापातच होती. मूल झाले. रडले नाही, पण श्वास घेत होते. छाती हलताना मी पाहिली. वहिनीला प्यायला म्हणून मी गडूत पाणी आणले होते, ते माझ्या हातात होते. वहिनी म्हणाली, 'पाणी घाल, पाणी घाल.' मला वाटले तिला तहान लागली आहे. मी गडू तिच्या तोंडाशी नेला. तिने तो बाळाकडे लोटला. तेव्हा मला समजले. पण म्हणायचे काय ते मला ठाऊक नव्हते, आणि तिलाही नव्हते. पाद्री दफनावर होते. ते येईपर्यंत बाळ गेले."

त्या मुलास बाप्तिस्मा मिळाला नाही. म्हणून बाप्तिस्म्याच्या वहीत त्याचे नाव नाही. बाप्तिस्मा नाही म्हणून विधिपूर्वक दफन नाही. म्हणून मृत्यूच्या वहीतही नाव नाही. त्या काळचा नियम असाच होता, आणि १९१७ च्या धर्मविधिसंहितेच्या १२३९ व्या कलमात तो नमूद आहे. आत्याबाईच्या सांगण्याप्रमाणे आजोबांनी, अंगात ताप असता, तिन्हीसांजेला ते मूल कापडात गुंडाळून नेले व कुंपणाबाहेर भेंडीच्या झाडाखाली पुरले.

हे सांगून झाल्यावर आत्याबाई बराच वेळ बोलली नाही. नंतर तिने विचारले, "वहिनीने कधी माझे नाव घेऊन काही म्हटले होते का रे?" आम्ही खरे ते सांगितले की, कधीही नाही. ती म्हणाली, "मलाही कधी म्हणाली नाही." एकाहत्तर वर्षे हा प्रश्न तिने मनात ठेवला होता.

६. एका साक्षीवर निर्णय देऊ नये, म्हणून तिला स्वतंत्र पुरावा शोधणे प्राप्त होते. तो बाप्तिस्म्याच्या वहीतच मिळाला. मरणाची भीती असता कोणाही माणसाने, धर्मगुरू नसला तरी, बालकाच्या मस्तकावर पाणी ओतून ठराविक वचन म्हटल्यास तो बाप्तिस्मा ग्राह्य धरला जातो. संकटसमयी असा बाप्तिस्मा योग्य रीतीने कसा द्यावा हे भाविकांना, विशेषतः सुइणींना, शिकविण्याची जबाबदारी त्याच १९१७ च्या संहितेच्या ७४३ व्या कलमाने धर्मगुरूवर टाकली आहे. मूल जगल्यास उरलेला विधी पुढे देवळात पुरा केला जातो, व वहीत तशी नोंद होते.

१९२१ ते १९५७ या काळात, 'मृत्यूच्या भयाने घरी बाप्तिस्मा दिला' अशा शेऱ्याच्या ज्या नोंदी आहेत, त्यांपैकी १९ नोंदींत बाप्तिस्मा देणारी म्हणून आमच्या आजीचे नाव आहे. १९२८ पूर्वीच्या नोंदी पोर्तुगीजमध्ये, नंतरच्या लॅटिनमध्ये. हस्ताक्षरे चार वेगवेगळ्या धर्मगुरूंची. शेरा मात्र तोच. सर्वांत पहिल्या नोंदीत साक्षीदार म्हणून जे नाव आहे ते आत्याबाईचे. आम्ही तिला ते वाचून दाखविले, तेव्हा ती म्हणाली की, साथ ओसरल्यावर आजी स्वतः धर्मगुरूंकडे गेली, वचन पाठ करून आली, आणि घरी येऊन प्रथम ते हिला शिकविले. "रोज रात्री म्हणवून घेत असे," आत्याबाई म्हणाली.

या १९ बालकांपैकी सात जणांची नावे पुढे विवाहाच्या वहीत आढळतात. म्हणजे ती जगली, वाढली. आजीच्या अंत्ययात्रेस लांबच्या वाड्यांवरून आलेली काही प्रौढ माणसे शवपेटीस हात लावून रडत होती. आमच्याशी त्यांचे नाते काय, हे आम्हांस त्या दिवशी कळले नव्हते. 'पाणीवाली' या नावाची आम्ही लाविलेली व्युत्पत्तीही चुकीची होती. खुंटीवरील गडू भरलेला का असे, तेही आता सांगावयास नको. बोलावणे आले की तो उचलून ती निघत असे. १९१८ मध्ये आत्याबाईच्या हातात होता तोच हा गडू, असे तिने सांगितले. त्यास दुसरा पुरावा नाही. म्हणून ते विधान आम्ही तिच्या नावावर देत आहो.

७. येथे एका तुलनेचा उल्लेख करणे अस्थानी होणार नाही. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात दोन वर्षांखालील मृत बालकाविषयी असे सांगितले आहे की, आप्तांनी त्यास अलंकृत करून गावाबाहेर शुद्ध भूमीत ठेवावे. त्याचा अग्निसंस्कार करू नये, अस्थिसंचयन करू नये, त्यास उदकही देऊ नये. विद्यार्थ्यांना हा भाग शिकविताना आम्ही पुष्कळदा समास सोडविले, पाठभेद सांगितले. ज्या आईचे मूल बाहेर ठेविले जाते ती त्यानंतर काय करते, हा प्रश्न आमच्या मनात आला नाही. भाष्यांत तो विचारलेला आम्हांस आढळलेला नाही. दोन धर्मांची शास्त्रे निरनिराळी, कारणे निरनिराळी. परंतु बालक बाहेर ठेवावयाचे आणि पाण्याचा संस्कार त्याच्या वाट्यास यावयाचा नाही, एवढे दोन्हीकडे समान दिसते.

न्यायबुद्धीने हेही सांगितले पाहिजे की, चर्चचा नियम आता तसा राहिलेला नाही. १९८३ च्या नव्या संहितेच्या ११८३ व्या कलमाने, आईबापांचा बाप्तिस्मा देण्याचा हेतू असता मूल आधीच मरण पावले तर, बिशपांच्या अनुमतीने त्याचा अंत्यविधी करता येतो. २००७ मध्ये आंतरराष्ट्रीय ईशज्ञान आयोगाने प्रसिद्ध केलेल्या लेखात, अशा बालकांच्या तारणाविषयी आशा बाळगण्यास आधार आहे, असे प्रतिपादिले आहे. आजी त्यापूर्वी एकतीस वर्षे वारली होती. ज्या आशेस विद्वानांनी २००७ मध्ये आधार दिला, तिची मेणबत्ती ती तोपर्यंत सत्तावन्न वेळा लावून गेली होती, असा आमचा हिशेब आहे. १९१९ पासून १९७५ पर्यंत एकही वर्ष चुकले नाही, हे आत्याबाईच्या साक्षीवरून.

८. येणेप्रमाणे आमचे निर्णय तीन. आजीचा जन्म जुलै १८९६ मधील असून तद्विषयक तिचे कथन विश्वसनीय आहे. ऑक्टोबर १९१८ मध्ये तिची दोन नव्हे, तीन अपत्ये गेली. आणि पुढे छत्तीस वर्षे गावातील बाळंतिणींच्या घरी पाणी घेऊन धावण्याचे जे काम तिने केले, त्याचा उगम त्या तिसऱ्या अपत्याच्या मृत्यूत आहे.

जी गोष्ट आजीने स्वतः लपविली, ती तिच्या नातवाने छापावी काय, असा प्रश्न कोणी विचारील. आम्ही तो स्वतःस अनेक वर्षे विचारला, म्हणूनच हा लेख इतक्या उशिरा येत आहे. आमचे उत्तर असे की, तिने ती तोंडाने सांगितली नाही हे खरे. परंतु लपविलीही नाही. साऱ्या गावासमक्ष, प्रतिवर्षी, कुंपणाबाहेर तिने ज्योत लावली. लिहिता न येणाऱ्या माणसाचा तो महजरच होता. तो वाचावयास शिकलेली माणसे घरात होती, आणि त्यांपैकी एकाने तो फुंकून विझविला.

आणखी एक कारण आहे. आत्याबाई १९९१ मध्ये वारली. पुढे गावची वस्ती वाढली, रस्ता रुंद करण्यात आला, आणि भेंडीचे झाड तोडले गेले. ती जागा आता डांबराखाली आहे. वह्यांत नाव नाही, भूमीवर खूण नाही, साक्षीदार नाही. तेव्हा त्या बालकाच्या अस्तित्वास प्रस्तुत लेखाखेरीज दुसरे साधन उरलेले नाही.

शेवटी संग्राहकांस दोन विनंत्या. पहिली अशी की, कोकणपट्टीतील धर्मग्रामांच्या जुन्या वह्या दमटपणा व कसर यांनी क्षीण होत आहेत. जेथे अनुज्ञा मिळेल तेथे त्यांच्या नकला व छायाचित्रे करून ठेवावीत. दुसरी अशी की, कागद मागावयास एखाद्या घरी गेल्यावर, रुमाल सोडण्यापूर्वी, त्या घरातील वृद्ध स्त्रीपाशी घटकाभर बसावे. आणि ती जे करते ते का करते, हे विचारावे. आम्हांस सतरा वर्षे संधी होती. आम्ही विचारले नाही.

आमच्या कुळाची वंशावळ आम्ही नव्याने लिहून काढली आहे. आजीच्या नावाखाली पूर्वी पाच अपत्ये होती, ती आता आठ झाली आहेत. दोघांची नावे वहीतून घेतली. तिसऱ्या ठिकाणी नाव नसल्यामुळे 'ऑक्टोबर १९१८' इतकेच लिहून पुढील जागा मोकळी ठेविली आहे. २ नोव्हेंबरला आम्ही तीन लहान मेणबत्त्या नेतो. तिसरी रस्त्याच्या कडेला, भिंतीच्या आडोशास, जेथे वाऱ्याने विझणार नाही अशा ठिकाणी लावतो.